सातबारा नसलेले ओहोटीचे शेत

मुंबई सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब वरळीच्या समुद्रात किती अंतरावर असावेत, यावरून महापालिका आणि वरळी कोळीवाडा यांच्यात झालेला वाद मुंबईकरांच्या स्मरणात असेल. सुमारे ६० मीटरच्या गाळ्यातून खवळलेल्या समुद्रात नौका सुखरूप काढता येणार नाही, असे कोळी बांधवांचे म्हणणे होते. निदर्शने झाली, काम अडले, दीर्घ वाटाघाटी झाल्या आणि अखेर एक खांब वगळून गाळा १२० मीटरचा करण्याचे मान्य झाले. मच्छीमारांच्या चिकाटीचा तो विजय होता, यात शंका नाही. पण तो नौकांचा विजय होता. याच किनाऱ्यावरील ज्या खडपांवर पिढ्यान्‌पिढ्या कालवं फोडली जात होती, त्यांचा काही भाग भरावाखाली गेला, तेव्हा मात्र वाटाघाटीच्या मेजावर ठेवायला मीटरचे मापही नव्हते. खडप एकदा भरावाखाली गेले की ते अर्धे परत मिळत नाही.

या दोन गोष्टींतील फरक केवळ मुंबईपुरता नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सुमारे ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यावर आणि पुढे गोव्यातही, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांतून, खाजणांतून व खाडीच्या वाळूतून तिसऱ्या, मुळे, शिवल्या, कालवं, शिणाणे वेचण्याची परंपरा आहे. मासेमारीच्या सर्व प्रकारांत सर्वांत कमी भांडवलाचा आणि बहुधा सर्वांत जुना असा हा प्रकार. त्याला नौका लागत नाही, जाळे लागत नाही, डिझेल लागत नाही. आणि नेमके याच कारणामुळे सरकारी नोंदींत त्याला जागा मिळत नाही. आज ही परंपरा धोक्यात आली आहे ती केवळ भरावामुळे किंवा सांडपाण्यामुळे नव्हे. ती नष्ट झाली तरी कोणाला हिशेब द्यावा लागत नाही, हे तिच्या ऱ्हासाचे अधिक खोल कारण आहे.

शहरी वाचकाला या व्यवसायाची ओळख असते ती बाजारातल्या वाट्यापुरती किंवा मालवणी खाणावळीतल्या तिसऱ्यांच्या सुक्यापुरती. त्यामागे किती बारकाईचे ज्ञान उभे आहे, याची कल्पना सहसा नसते. तिथीला पाऊणपट केले की भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यावरून ओहोटीची वेळ कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच दूर ओसरते आणि एरवी न दिसणारी खडपे सकाळ-संध्याकाळी काही काळ उघडी पडतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला पाणी फारसे हलत नाही, तेव्हा त्या खडपांची वाट धरण्यात अर्थ नसतो. म्हणजे महिन्यातील कामाचे दिवस चंद्र ठरवतो आणि दिवसातील कामाचे तास ओहोटी ठरवते. त्यात स्वयंपाक, मुले आणि बाजार बसवायचा, तो बाईने.

कारण हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे आहे. पालघरमधील मांगेला व वैती, मुंबई-रायगडमधील कोळी, आगरी व कातकरी, रत्नागिरीतील खारवी व दालदी, सिंधुदुर्गातील गाबीत अशा अनेक समाजांतील स्त्रियांचा या पट्ट्याशी संबंध आहे. गुडघाभर पाण्यात उभे राहून पायाच्या बोटांनी वाळूतली तिसरी ओळखायची, खडकाला घट्ट चिकटलेले कालव लहानशा लोखंडी हत्याराने असे उघडायचे की आतला गर फाटता कामा नये, वाळूवरच्या बारीक छिद्रावरून खाली काय दडले आहे ते सांगायचे, ही कौशल्ये कोणत्याही शाळेत शिकवली जात नाहीत. आईबरोबर ओहोटीला गेलेल्या मुलीला ती येतात. प्रत्येक गावात खडपांना, चरांना आणि वाळूच्या पट्ट्यांना नावे आहेत. कोणती जागा कोणत्या महिन्यात ‘भरते’, कुठे पाय घालू नये, पाणी वळल्यावर कोणत्या वाटेने परतावे, हा सारा नकाशा तोंडी आहे.

या कामाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. नौकेवरच्या कमाईत मालकाचा, खलाशांचा, डिझेलचा, बर्फाचा आणि दलालाचा वाटा असतो. ओहोटीला वेचलेल्या पाटीची कमाई थेट बाईच्या हातात पडते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. नौका दुरुस्तीला काढलेल्या असतात किंवा घरातला कर्ता पुरुष आजारी असतो, अशा दिवसांत खाडी आणि खडप हीच घरखर्चाची आणि ताटातल्या प्रथिनांची शिल्लक असते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही गरिबाची विमा योजना आहे, आणि तिचा हप्ता समुद्र भरतो.

असे असताना शासनाच्या दप्तरात हे काम कुठे दिसते? महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन तो अधिक कडक झाला. त्याचा सारा रोख मासेमारी नौकांवर आहे. नोंदणी नौकेची, परवाना नौकेचा, दंड नौकेला. मासळी उत्पादनाची आकडेवारी मुख्यतः बंदरांवर उतरणाऱ्या मालावरून काढली जाते. खाडीच्या काठावरून थेट गल्लीत किंवा आठवडी बाजारात जाणारी तिसऱ्यांची पाटी कोणत्याही बंदरावर उतरत नाही. त्यामुळे एखादा प्रकल्प येतो आणि नुकसानभरपाईची यादी तयार होऊ लागते, तेव्हा बाईकडे दाखवायला नौकेचा क्रमांक नसतो, परवाना नसतो, डिझेल परताव्याची पावती नसते. तिचे नाव यादीत येणार की नाही, हे सर्वेक्षणाला आलेल्या माणसाच्या सदिच्छेवर आणि गावातील पुढाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहते. डोंगराळ भागातील शेतकऱ्याकडे निदान सातबारा असतो. ओहोटीच्या शेताला तो नाही.

याचा अर्थ कायद्याने किनाऱ्याकडे पाहिलेच नाही, असा नव्हे. उलट त्याने काय पाहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सागरी किनारा मार्गाची किनारा नियमन क्षेत्राची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ रोजी रद्द केली होती. त्या निकालाला डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. दरम्यान, वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या काही वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवण्यात आल्या, कारण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. ठाणे खाडीच्या चिखलपट्ट्यांना २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्यांची कवचे बसवली जात, ते पातळ, पारदर्शक शिंपलेही याच वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत. प्रवाळ, पक्षी आणि शिंपला यांना संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. पण त्याच खडपावर, त्याच चिखलात शतकानुशतके वावरणारा माणूस मात्र कोणत्याच अनुसूचीत बसला नाही.

कांदळवनांच्या बाबतीत तर हा विरोधाभास अधिक टोकदार आहे. उच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशानंतर राज्यातील कांदळवनांना वनांचा दर्जा देण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. भराव टाकणाऱ्यांना त्यामुळे काही प्रमाणात तरी आळा बसला, हे मान्यच करावे लागेल. तथापि, ज्या क्षणी खाडीकाठची जमीन वनजमीन झाली, त्या क्षणी तेथे शिंपले-चिंबोऱ्या वेचणारी स्त्री कागदोपत्री आपल्याच गावच्या खाजणात परकी झाली. यावरचा उपाय कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जलाशयांतील मासे व अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. गडचिरोलीत सामूहिक वनहक्कांनी बांबू आणि तेंदूपानांचे अर्थकारण बदलून दाखवले. खाडीकाठच्या ग्रामसभांनी तिसऱ्या आणि कालवांसाठी हेच कलम वापरावे, असा विचार मात्र फारसा पुढे आलेला नाही.

न्यायसंस्थेकडून एक महत्त्वाचा धागा मिळाला होता तो २०१५ मध्ये. न्हावा-शेवा बंदर परिसरातील भराव आणि कांदळवनतोडीविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी केलेल्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला सुमारे ५ लाख ८४ हजार रुपये येतील असा तो हिशेब होता. रकमेपेक्षा त्यामागचे तत्त्व मोलाचे होते. खाडीतील मासेमारी हे उपजीविकेचे साधन आहे आणि ते हिरावले गेल्यास ती हानी मोजता येते, हे त्यात मान्य झाले. मोजणीचे एकक कुटुंब होते, नौका नव्हे. हा धागा धोरणात विणला गेला असता तर पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी कोळीवाड्यांना पहिल्या पायरीपासून लढावे लागले नसते.

आता पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराच्या निमित्ताने हाच प्रश्न अधिक मोठ्या आकारात समोर उभा आहे. याच जागेवरील बंदराचा आधीचा प्रस्ताव डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला होता. त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला जुलै २०२३ मध्ये संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. सुमारे १४४८ हेक्टरचा भराव किनाऱ्यापासून आत समुद्रात होणार असल्याने गावे व किनारा सुरक्षित राहील, अशी सरकारची भूमिका आहे. परंतु किनाऱ्यावरचे खडप पाण्याच्या प्रवाहावर, गाळाच्या हालचालीवर आणि लाटांच्या जोरावर जगते. प्रवाह बदलला, गाळ साचू लागला, तर खडपावर एक घमेले मातीही न टाकता तेथील कालवं गुदमरू शकतात. प्रश्न असा की आज त्या पट्ट्यात कोण, कुठे, किती वेचते याची गावनिहाय नोंद नसेल, तर दहा वर्षांनी झालेली हानी सिद्ध कशाच्या आधारे करायची? आरंभीची नोंद नसणे हे अशा प्रकल्पांच्या फार सोयीचे असते.

मात्र सारा दोष प्रकल्पांच्या माथी मारून मोकळे होणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सिंधुदुर्गातील खाड्यांमध्ये वाळूउपशाने तळ खरवडला जातो आणि वाळूबरोबर तिसऱ्यांचे बीजही जाते. त्या वाळूची घरे शहरांत नव्हे तर त्याच तालुक्यांतही उभी राहतात. पर्यटन वाढले, खाणावळींची मागणी वाढली, तशी लहान आकाराच्या शिंपल्याही उपसण्याची घाई वाढली. पूर्वी घराच्या गरजेपुरते आणि बाजाराच्या फेरीपुरते वेचले जाई, तिथे आता व्यापाऱ्याच्या गाडीची वेळ सांभाळावी लागते. शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्नावर जगतात आणि त्याबरोबर सांडपाण्यातील जिवाणू व जड धातूही अंगात साठवतात. त्यामुळे मुंबईसारख्या शहराच्या गटारांनी या खाद्यसंस्कृतीच्या मुळावरच घाव घातला आहे. ज्या कालवांवर एक पिढी वाढली, ती आज मुलांना निर्धास्तपणे खाऊ घालता येतील का, असा प्रश्न खुद्द वेचणाऱ्यांनाच पडावा, यापरते दुर्दैव कोणते?

शिवाय ही परंपरा कष्टाची आहे. कालवाच्या धारेने हात कापतात, तासन्‌तास वाकून पाठ जाते, चिखलात पाय अडकतो. मुलीने शिकावे, कार्यालयात काम करावे असे आईला वाटते, त्यात गैर काहीच नाही. वारसा जपायचा म्हणून कोणी दारिद्र्य जपावे, अशी अपेक्षा शहरातल्या माणसाने करणे हे ढोंग आहे. म्हणून ‘वारसा’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत भारताचे कुंभमेळा, दुर्गापूजा, गरबा, कुटियाट्टम् असे घटक आहेत, पण समुद्रावर जगणाऱ्यांची एकही उपजीविका त्यात नाही. ती असावी अशी मागणी उद्या झाली तर तिचे स्वागतच होईल. मात्र केवळ यादीत नाव गेल्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे दक्षिण कोरियाच्या उदाहरणावरून तपासता येते.

तेथील जेजू बेटावर ‘हेन्यो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया प्राणवायूच्या नळकांड्याविना, श्वास रोखून समुद्रतळावरून शिंपले आणि शंख काढतात. २०१६ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली. संग्रहालय झाले, शाळा निघाल्या, चित्रपट आले, वृद्ध हेन्योंना वैद्यकीय मदत व भत्ता मिळू लागला. तरीही १९७० मध्ये १४ हजारांच्या घरात असलेली त्यांची संख्या आता तीन हजारांच्या खाली आली आहे आणि त्यांतील बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. तापणाऱ्या समुद्राला आणि बदलत्या आकांक्षांना वारशाचे प्रमाणपत्र रोखू शकत नाही. पण ही परंपरा इतकी वर्षे तरी टिकली कशी, याचे उत्तर त्या प्रमाणपत्राच्या आधीचे आहे. किनाऱ्यालगतच्या मासेमारी क्षेत्रावर तेथे गावच्या मच्छीमार सहकारी संघाचा कायदेशीर हक्क आहे. कोणी, कधी, कोणत्या आकाराचे काढायचे हे संघ ठरवतो. उथळ पाण्याचा काही भाग खोल बुडी मारू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवण्याची रीत आहे. आधी हक्क, त्यातून नियम आणि शेवटी गौरव, असा तो क्रम आहे. आपल्याकडे महोत्सवांच्या निमित्ताने गौरवापासून सुरुवात होते आणि गाडी तिथेच थांबते.

कोरिया दूरचे वाटत असेल तर केरळ जवळ आहे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीतील तिसऱ्यांचे उत्पादन १९९१ मध्ये सुमारे दहा हजार टनांवर पोहोचून दोनच वर्षांत निम्म्यावर आले. त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात बंदी, जाळ्याच्या आसाचा किमान आकार आणि निर्यातीसाठी किमान आकारमान हे नियम लागू झाले. वेचणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि प्रशासन यांनी ते पाळण्याची व्यवस्था उभी केली आणि २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली. तेथे निर्यातीच्या बाजारपेठेचा रेटा होता, तो कोकणातील प्रत्येक खाडीला मिळणार नाही. पण नियम गावाने ठरवले आणि त्यांना शासनाचे पाठबळ मिळाले तर शिंपल्यांचा साठा सावरू शकतो, एवढे त्यातून निश्चित सिद्ध झाले.

महाराष्ट्रात २०१७ पासून कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेखाली बचतगटांना कालव, शिणाणे आणि खेकडे यांच्या संवर्धनासाठी साहाय्य दिले जाते. ही चांगली सुरुवात आहे. परंतु दोरीवर वाढवलेली शिणाणी हा नवा उद्योग आहे, खडपावरच्या हक्काचा तो पर्याय नव्हे. त्या हक्कासाठी करण्यासारख्या गोष्टी फार खर्चिकही नाहीत. किनारा व्यवस्थापन आराखड्यांत कोळीवाडे, मासळी सुकवण्याच्या जागा आणि मासेमारीची क्षेत्रे दाखवावी लागतात. त्यात वेचणीची खडपे, खाजणे व वाळूपट्टे त्यांच्या स्थानिक नावांसह दाखवावेत आणि ते दाखवताना गावातील स्त्रियांना पुढे बसवावे. जैवविविधता कायद्यानुसार तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत कोणती जात कोणत्या महिन्यात, कुठे सापडते याची नोंद व्हावी. नौका नसलेल्या वेचणाऱ्या स्त्रीला मच्छीमार म्हणून स्वतःच्या नावाचे ओळखपत्र मिळावे. कांदळवनाच्या क्षेत्रात सामूहिक वनहक्काचे दावे दाखल व्हावेत. आणि हक्काबरोबर जबाबदारी यावी. किमान आकार कोणता, कोणता पट्टा किती महिने मोकळा सोडायचा, हे गावानेच ठरवून पाळावे.

यातील एकही सूचना विकासाला विरोध करणारी नाही. बंदर व्हावे की न व्हावे, रस्ता कुठून न्यावा, यावर मतभेद राहणारच. परंतु काय गमावले जात आहे हे ठाऊक असताना घेतलेला निर्णय आणि ते ठाऊकच नसताना घेतलेला निर्णय यांत फरक आहे. पहिल्यात निदान किंमत कळते आणि ती कोणी मोजली हेही कळते. दुसऱ्यात नुकसान झाल्याचेच नाकारता येते.

या नोंदीला मुदत आहे, हे विसरता येणार नाही. खडपांची नावे, चरांच्या वाटा आणि वाळूवरच्या छिद्रांची लिपी जाणणाऱ्या स्त्रिया आता उतारवयाकडे झुकल्या आहेत. त्यांच्या मुलींनी ओहोटीला जावे की न जावे, हा त्यांचा निर्णय असला पाहिजे. आज तो निर्णय भराव, वाळूउपसा आणि सांडपाणी त्यांच्या वतीने परस्पर घेत आहेत. ओहोटीचे हे शेत सरकारी कागदावर उतरले, तर निदान तो निर्णय घेण्याचा अधिकार ज्यांचा आहे त्यांच्याकडे परत जाईल.